सिनेटच्या खुर्च्या कोण मांडतो?

विद्यापीठ कायद्याची जाहीर कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. सिनेटमध्ये आणि व्यवस्थापन परिषदेत कोण बसणार, हा खरा तंटा मात्र समितीच्या खोलीत आणि लॉबीत चालतो. त्याचे धागे यवतमाळपर्यंत पोचतात. 1974 मध्ये राज्यातल्या विद्यापीठांचे कायदे नव्याने झाले तेव्हा मुख्यमंत्री आपल्या जिल्ह्यातल्या पुसदचे वसंतराव नाईक होते आणि आपली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. मुख्यमंत्री घरचा असूनही अमरावतीला वेगळे विद्यापीठ मिळायला 1983 साल उजाडले!

विधान परिषदेत या विषयावर अमरावती पदवीधर मतदारसंघाच्या बी. टी. देशमुखांचा दबदबा होता. प्राध्यापकांच्या 'नुटा' संघटनेचे ते नेते. नियमावलीवर बोट ठेवून ते उभे राहिले की मंत्र्यांना फाइल पुन्हा चाळावी लागे. 2010 मध्ये रणजित पाटलांनी त्यांना हरवले. पुढे ज्या मंत्रिमंडळाने 1994 चा विद्यापीठ कायदा मोडीत काढून नवा आणला, त्यात हेच पाटील राज्यमंत्री होते.

त्या नव्या कायद्याची वाटही सोपी नव्हती. विनोद तावडेंच्या खात्याचे हे विधेयक, पण विधान परिषदेत सरकारकडे बहुमत नव्हते. निवडून येणारे कमी आणि नेमलेले जास्त, हा विरोधकांचा आक्षेप. शेवटी विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आणि घासाघीस झाल्यावर डिसेंबर 2016 मध्ये नागपुरात मंजूर झाले. 1994 पासून बंद असलेल्या विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका त्यात परत आल्या. 2019 मध्ये त्या होणार म्हणून पोरे तयारीला लागली आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. कायद्यात जागा मिळाली, मतपेटी काही मिळाली नाही.

28 डिसेंबर 2021 चा दिवस तर विसरण्यासारखा नाही. हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत भरलेले, शेवटचा दिवस. विधानसभा अध्यक्षपदाच्या निवडणुकीवरून सरकार आणि राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्यात जुंपलेली. ती निवडणूक सरकारने सोडून दिली. विद्यापीठ दुरुस्ती विधेयक मात्र गोंधळात रेटून नेले. उच्च शिक्षण मंत्री प्र-कुलपती होणार आणि कुलगुरूपदासाठी सरकारने पाठवलेल्या दोन नावांतूनच राज्यपालांनी एक निवडायचे, अशी ती दुरुस्ती. राज्यपालांची सही झाली नाही. 2022 मध्ये सरकार बदलले आणि नव्या सरकारने विधेयक मागे घेतले. ज्यांना प्र-कुलपतिपद मिळायचे होते, ते उदय सामंत तोवर त्याच नव्या मंत्रिमंडळात उद्योगमंत्री झाले होते.

कायदा कोणताही असो, निवडून येणाऱ्यांच्या खुर्च्या मतांनीच भरतात आणि मतमोजणीच्या खोलीतला तणाव बाहेर कुणाला दिसत नाही. सिनेटचे मतदान पसंतीक्रमाने होते. नावापुढे 1, 2, 3 असे आकडे घालायचे; खूण केली की मत बाद. गठ्ठे लागतात, कोटा काढला जातो, सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होऊन त्याची मते दुसऱ्या पसंतीला जातात. पहिल्या फेरीत पुढे असलेल्याच्या कार्यकर्त्यांनी हार मागवलेले असतात. पहाटेपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीने ते दुसऱ्याच गळ्यात पडतात. म्हणून मुरलेला उमेदवार पहिल्या पसंतीसाठी अडून बसत नाही, "दुसरी पसंती तरी द्या, सर" म्हणत वणी-उमरखेड पालथे घालतो.

या साऱ्याचा हिशेब असा. सिनेटमध्ये नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा: पाच खुल्या, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, ओबीसी आणि महिला यांना प्रत्येकी एक. जिल्ह्यासाठी राखीव एकही नाही. अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि यवतमाळ या पाचही जिल्ह्यांनी त्याच दहा जागा लढवायच्या. नवीन महाविद्यालये कुठे हवीत याचा बृहत आराखडा याच सिनेटपुढे येतो. झरी-जामणी किंवा मारेगावच्या मुलीला पदवीसाठी किती लांब जावे लागेल, हे त्या कागदावर ठरते. आणि तिथे बोलणारा माणूस आपल्या जिल्ह्याचा असेल की नाही, हे मतदार यादी ठरवते. पदवीचे प्रमाणपत्र कपाटात ठेवून मत मिळत नाही, त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. पुढच्या यादीची जाहिरात निघेल तेव्हा अर्ज भरा, आणि घरातल्या पदवीधर सुनेचा, मुलीचाही भरून घ्या.