समुद्रतळीचा दस्तऐवज

समुद्राला आपण रत्नाकर म्हणतो. त्याच्या तळाशी अगणित धन पडून आहे, ही माणसाची समजूत फार जुनी. १९७७ सालचा ‘द डीप’ हा इंग्रजी चित्रपट याच समजुतीवर उभा आहे. पीटर बेंचली यांची कादंबरी, पीटर येट्स यांचे दिग्दर्शन आणि बर्म्युडा बेटांभोवतीचा समुद्र, एवढ्या सामग्रीवर तो प्रेक्षकाला दोन घटका श्वास रोखून बसवतो.

कथा थोडक्यात अशी. सुट्टीवर आलेल्या एका जोडप्याला, दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजापाशी बुडी मारताना, एक जुने पदक आणि औषधाची एक कुपी सापडते. कुपीत मॉर्फिन असते. त्याचा वास लागून चोरटा व्यापार करणारी टोळी मागे लागते. पदक मात्र सांगते, की त्याच जागी दोन शतकांपूर्वीचे एक स्पॅनिश गलबतही बुडालेले आहे.

यातले सारेच कल्पित नाही. ‘कॉन्स्टेलेशन’ हे चार डोलकाठ्यांचे लाकडी गलबत १९४३ साली बर्म्युडाजवळ खरोखरीच बुडाले. त्यात सिमेंटची पोती होती, औषधांच्या कुप्याही होत्या. पोत्यांतले सिमेंट पाण्याने दगड झाले. कुप्यांनी बेंचलींना कथा पुरवली.

तथापि चित्रपटातील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट पाठलागात नाही. जाणता पाणबुड्या ट्रीस सोने हाती येऊनही समाधान पावत नाही. हे दागिने कोणाचे, कोणी कोणासाठी घडविले, याचा लेखी पुरावा तो जुन्या कागदांत शोधीत बसतो. पुराव्यावाचून सोने म्हणजे नुसती मोड, हे त्याला ठाऊक आहे. आयुष्य सरकारी दप्तरात गेलेल्या माझ्यासारख्याला हे तत्काळ पटते. रुमालातून सुटा झालेला कागद अक्षरे तीच ठेवूनही अर्धा मुका होतो.

पण बुडालेले जहाज हाच एक रुमाल आहे, हे ट्रीसही विसरतो. वाळू उपसण्यासाठी तो जी नळी वापरतो, तिच्या खालच्या टोकाशी दाबाने हवा सोडतात. हवा वर धावताना पाणी आणि वाळू ओढून नेते. साधन सोपे आहे. परंतु ते घाईने चालविले, तर कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती, हे कायमचे पुसले जाते. पंचनाम्यापूर्वीच मुद्देमाल हलविण्यासारखे ते आहे. चित्रपटाच्या शेवटी तर ते स्थळच स्फोटाने उद्ध्वस्त होते, आणि प्रेक्षक सुटकेचा नि:श्वास टाकतो!

वर काढलेली वस्तू सुरक्षित राहते, असेही नाही. टेडी टकर या बर्म्युडाच्या पाणबुड्याला १९५५ साली एका स्पॅनिश जहाजाच्या अवशेषांत सात पाचू जडविलेला सोन्याचा क्रूस सापडला. पुढे तो तेथील सरकारने विकत घेतला. १९७५ साली राणी एलिझाबेथ यांच्या भेटीच्या वेळी ध्यानात आले, की खऱ्या क्रूसाच्या जागी प्लॅस्टिकची नक्कल आहे. खरा क्रूस आजतागायत सापडलेला नाही. समुद्राने जे शतकानुशतके सांभाळले, ते माणसाला वीस वर्षेही सांभाळता आले नाही.

म्हणूनच युनेस्कोच्या २००१ सालच्या करारात, बुडीत वारसा शक्यतो जागच्या जागी जतन करावा, हा पहिला पर्याय मानला आहे. या चित्रपटातील पाण्याखालचे काही चित्रण ब्रिटिश व्हर्जिन बेटांजवळ, १८६७ सालच्या वादळात बुडालेल्या ‘ऱ्होन’ या जहाजापाशी झाले. १९८० साली तेथे सागरी उद्यान झाले. आज पाणबुडे तेथे जातात, पाहतात, आणि रिकाम्या हातांनी वर येतात.

हे रिकामे हात पराभवाचे नव्हेत. दस्तऐवज वाचून जागच्या जागी ठेवणाऱ्याचे ते हात आहेत.