प्रशिक्षणात कॅन्सर निघाला तर

भरतीच्या मेडिकलमध्ये फिट ठरलेल्या पोराला प्रशिक्षणात कॅन्सर निघतो कसा? तपासणी त्या दिवसापुरती असते. गाठ नंतरही येते. अंडकोषाचा कॅन्सर तर तरुणांतच जास्त. गाठ बहुधा दुखत नाही, आणि पोरं लाजेनं किंवा घरी पाठवतील या भीतीनं लपवतात. लवकर सापडला तर बहुतेक बरे होतात.

पुढे मेडिकल बोर्ड. आजार ‘सेवेमुळे झाला वा वाढला’ असा शेरा नसेल तर अग्निवीराला अपंगत्वाची भरपाई (50, 75, 100 टक्क्यांना 15, 25, 44 लाख) नाही. 2013 च्या धरमवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असं धरायचं. निकाल पेन्शनचा आहे, तरी अपिलात मांडावा असं आम्हाला वाटतं. महार रेजिमेंटच्या अभिमानापुढे हे रूक्ष वाटेल; पण बोर्डाचे कागद आधी मागून घ्या.