मोठ्या नंदीवर रंगाचे पट्टे का उठतात?

सावंगी (मेघे) : वर्धा जिल्ह्यात तान्हा पोळा म्हटले की सिंदी (रेल्वे)चे भलेमोठे लाकडी नंदी आठवतात. पण सण ऐन पावसाळ्यात. ओलसर हवेत लॅकर मारले की चकाकी जाऊन पांढरट झाक येते. पाऊस थांबेपर्यंत गन हाती न घेतलेलीच बरी. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणीही आधी काढावे.

भेगा पुट्टीने भरून पॉलिश पेपरने घासाव्यात, मग प्राइमर. निम्मी मेहनत इथेच जाते.

अख्खी पाठ एअरब्रशने रंगवू नये. त्याचे तोंड जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे, त्यामुळे पट्टे उठतातच. पायाचा रंग स्प्रे गननेच द्यावा : अंतर ६ ते ८ इंच, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत, गन कडेबाहेर नेऊनच थांबवत. एअरब्रश डोळ्यांसाठी आणि झुलीच्या नक्षीसाठी राखावा.