त्वचेच्या घड्यांसाठी मलमाची निवड

पावसाळ्यात गोदाम राखणाऱ्या व्यापाऱ्यास एक गोष्ट सांगावी लागत नाही. थप्पी भिंतीस टेकली, खाली फळ्या घातल्या नाहीत आणि वारा खेळता राहिला नाही, तर धान्यास बुरशी धरते. व ती दर्शनी पोत्यांपेक्षा आत दडपलेल्या पोत्यांस आधी धरते. आपल्या देहाचेही तसेच आहे. काख, जांघ, स्तनांखालील भाग, पोटाच्या वळ्या व पायाच्या बोटांच्या बेचक्या येथे कातडी कातडीवर घासते, घाम वाळत नाही आणि ऊब कोंडून राहते. त्यातून लाली व आग, आणि पुढे बुरशी उद्भवते. पावसाळ्यातील चिखल्या हा त्याचाच परिचित प्रकार होय.

आम्ही वैद्य नव्हे. परंतु या बाबतीत आमच्या हातून घडलेली चूक इतर बंधूंच्या हातून घडू नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच. काही वर्षांपूर्वी आमच्या जांघेत खाज सुटली. संकोचामुळे डॉक्टरांकडे न जाता आम्ही दुकानातून एक मलमाची नळी आणली. दोन दिवसांत खाज थांबली. नळी संपताच ती दुपटीने परतली, म्हणून दुसरी नळी आणली. असे पाच महिने चालले. अखेर त्वचारोगतज्ज्ञांनी पाहिले तेव्हा गजकर्ण मांडीभर पसरले होते, कातडी पातळ झाली होती आणि तिच्यावर जांभळट रेघा उमटल्या होत्या. गजकर्ण बरे झाले. रेघा मात्र आजही आहेत.

त्या नळीत बुरशीनाशक व जंतुनाशक औषधांसह क्लोबेटासोल नावाचे तीव्र स्टेरॉइड होते. स्टेरॉइड लाली व खाज दडपते, परंतु त्याबरोबर त्वचेची प्रतिकारशक्तीही दडपते. म्हणून वरून आराम दिसतो आणि आत बुरशी फोफावते. घडीच्या जागी हा धोका अधिक असतो. फेल्डमन व मायबाख या संशोधकांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिझोन त्वचेतून किती शोषले जाते हे मोजले. हाताच्या पुढील भागावरील शोषण १ धरल्यास काखेत ते सुमारे ३.६ पट व अंडकोशाच्या त्वचेत ४२ पट आढळले. तळहातावर चालणारे मलम जांघेत का चालत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे. भारत सरकारने २०१८ साली अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली; तथापि ग्राहकाने स्वतः सावध असणे अगत्याचे आहे.

मग घ्यावे काय? पहिला उपाय विकत मिळत नाही. सौम्य साबणाने धुवावे, मऊ पंचाने न घासता टिपावे, पूर्ण वाळू द्यावे आणि सैल सुती वस्त्र वापरावे. नुसत्या घर्षणाने लाली आली असेल तर झिंक ऑक्साइडचा पातळ लेप पुरतो; तान्ह्या मुलास व अंथरुणास खिळलेल्या वृद्धास तो विशेष हितावह. लेप वाळलेल्या त्वचेवरच लावावा; ओलीवर दाट मलम थापणे म्हणजे ओले धान्य पोत्यात भरून तोंड शिवणे होय. गजकर्णाचे निदान झाले असेल तर क्लोट्रिमॅझोलसारखे साधे, एकाच औषधाचे क्रीम घ्यावे. ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावावे आणि खाज थांबली म्हणून बंद न करता सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावे. स्पिरिटयुक्त द्रव व उग्र सुगंधी द्रव्ये सोललेल्या त्वचेवर झोंबतात, ती टाळावीत.

पावडरीविषयी दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०२४ साली टाल्क हे ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले. तेव्हा स्त्रियांनी ते जांघेत वापरू नये व बालकांच्या नाकातोंडाशी उडवू नये. मक्याच्या स्टार्चची पावडरही घामाने भिजली की गोळे धरते आणि तेच गोळे कातडी घासतात. पीठ ओलसर झाल्यावर काय होते, हे आपल्या व्यवसायात कोणास सांगावयास नको.

आपल्या आचारधर्माच्या दृष्टीनेही नळीवरील घटक वाचावेत. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून व मधमेण पोळ्यातून मिळते. झिंक ऑक्साइड व पेट्रोलियम जेली ही मात्र खनिजमूलक आहेत. ग्लिसरीन वनस्पतिजन्यही असते व चरबीपासूनही होते. शंका असल्यास उत्पादकास विचारावे.

शेवटी महत्त्वाचे. घडीतील विकार पुन्हा पुन्हा उद्भवत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. आमचा मधुमेह याच निमित्ताने उघडकीस आला. पाणी सुटणे, दुर्गंधी, ताप किंवा असह्य वेदना असल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. माल पारखताना आपण पोत्यात बंबी घालून आतला दाणा पाहतो. स्वतःच्या देहाविषयी मात्र संकोच धरतो. हा संकोच महाग पडतो, एवढेच नम्रपणे सांगून लेख पुरा करतो.