पेटीच्या आधी येणारी उचल

एप्रिलचा शेवट आणि मेचा पहिला पंधरवडा हा कोकणच्या हापूसचा ऐन भर. पुण्या-मुंबईतल्या शेतकरी बाजारांत आणि आंबा महोत्सवांत याच दिवसांत सगळ्यात जास्त गर्दी असते. मैदानावर मांडव पडलेला असतो, टेबलांमागे रत्नागिरी, राजापूर, देवगडकडचे बागायतदार किंवा त्यांच्या घरची माणसे उभी असतात आणि पुठ्ठ्याच्या पेटीत पेंढ्यावर रचलेली फळे समोर उघडी असतात. जाणते गिऱ्हाईक फळ दाबून पाहत नाही, ते आधी देठाकडे बघते. देठाशी खळगा पडून दोन्ही बाजूंचे खांदे वर आलेले असले, तर फळ झाडावर नीट भरून मग उतरवले आहे असे समजायचे. मग साल, मग देठापाशी वास. एवढे झाले की दराची घासाघीस सुरू होते आणि बोलता बोलता कुणीतरी म्हणतेच, की मधला दलाल गेल्यामुळे शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात आणि आपल्यालाही परवडते. हे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. शेतकरी बाजाराचा विचार आपण विक्रीच्या टेबलापासून सुरू करतो. तो त्याआधीच्या पावसाळ्यापासून, बागेत पहिला पैसा घालावा लागतो तिथपासून करायला हवा. तसा केला की दिसते ते असे : हापूसच्या बागायतदाराला बाजार समितीशी बांधून ठेवले आहे ते उचलीने. ती उचल दुसरीकडून मिळत नाही तोवर शेतकरी बाजारात टेबल लावणे त्यालाच जमेल, ज्याच्या गाठीशी आधीच पैसा आहे.

शेतकऱ्याच्या पदरात किती पडते, याचे आकडे उपलब्ध आहेत. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांनुसार ग्राहकाने मोजलेल्या रुपयातले टोमॅटो उत्पादकाला सुमारे ३३ पैसे, कांदा उत्पादकाला ३६ आणि बटाटा उत्पादकाला ३७ पैसे मिळतात. फळांमध्ये केळीला ३१, द्राक्षाला ३५ आणि आंब्याला ४३. म्हणजे आंबा त्यातल्या त्यात बरा, तरीही निम्म्याहून जास्त रक्कम वाटेतच राहते. यावरून अडचण बाजार समितीच्या कायद्यात आहे, असा निष्कर्ष बरीच वर्षे काढला गेला. महाराष्ट्राचा १९६३ चा पणन कायदा शेतमालाला बाजार आवाराकडेच वळवतो आणि आवारात परवानाधारकांचेच राज्य असते, ही तक्रार रास्तच होती. पण जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. तेव्हापासून बागायतदार आपली पेटी कुठेही, कुणालाही विकू शकतो. असे असूनही एप्रिल-मेमध्ये कोकणातून निघणाऱ्या गाड्या बहुतांश मुंबईजवळच्या वाशीच्या बाजार समितीच्याच वाटेला लागतात. कायद्याची दोरी सुटल्यावरही गाडी त्याच रस्त्याने जात असेल, तर दोरी आणखी कुठेतरी आहे.

ती शोधायला बागेचे वर्ष पाहावे लागते. हापूस दरवर्षी सारखा धरत नाही. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पॅक्लोब्युट्राझोलची शिफारस केली. बागायतदार त्याला कल्टार म्हणतात आणि ते जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या मुळाशी द्यावे लागते. म्हणजे फळाचा पहिला खर्च फळ हाती यायच्या आठ-नऊ महिने आधी. पुढे पालवी आणि मोहोर यायला लागला, की तुडतुडे, भुरी, करपा आणि अलीकडे बागांना जेरीस आणणारे फुलकिडे यांच्यासाठी फवारण्यांचे वेळापत्रक सुरू होते. मोहोराच्या वेळी ढगाळ हवा किंवा अवकाळी पाऊस आला की एखादी फवारणी वाढते आणि औषधाचे दुकान उधारीला मर्यादा घालते. मग राखणीचे गडी, त्यांची राहण्याची सोय, झेल्याने एकेक फळ देठासकट उतरवणारे मजूर, निवड, पेट्या, पेंढा, भाडे. हा सगळा पैसा मार्चच्या आधी किंवा मार्च-एप्रिलमध्ये लागतो आणि फळाचे पैसे त्यानंतर येतात. मधल्या महिन्यांत बागायतदाराच्या दारात रोख घेऊन येणारा माणूस म्हणजे वाशीचा व्यापारी. तो उचल देतो, कधी पेट्याही देतो, आणि बदल्यात फळ आपल्याच गाळ्यावर पाठवण्याचा शब्द घेतो. हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. ज्या फळावर आधीच पैसे उचललेले आहेत, त्याचा भाव करायला बागायतदार कोणत्या तोंडाने उभा राहणार? मुंबईच्या फळबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली. लिलाव उघड व्हावा असा नियम असतानाही ती टिकली, कारण त्या रुमालापाशी हजर राहून जाब विचारण्याची ताकद माल पाठवणाऱ्याजवळ नव्हती.

यावर लगेच विचारले जाईल, की बँका कशासाठी आहेत? किसान क्रेडिट कार्ड १९९८ पासून आहे. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर केंद्राची आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून व्याज शून्यावर येते. कागदावर याहून स्वस्त पैसा नाही. पण कोकणातला सातबारा एकदा उघडून पाहावा. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या न झाल्यामुळे एकेका गटावर पंधरा-वीस सामाईक नावे असतात, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही हयातही नसतात. तारणासाठी सगळ्यांची संमती आणायची म्हणजे फवारणीचा हंगाम निघून जातो. शिवाय कितीतरी बागा कराराने दिलेल्या असतात : जमीन एकाची, झाडे राखणारा आणि खर्च करणारा दुसराच. त्या दुसऱ्याचे सातबाऱ्यावर नावच नाही, त्यामुळे बँकेच्या लेखी तो शेतकरी ठरणे कठीण. सोयाबीन किंवा हळद पिकवणाऱ्याला पणन मंडळाची १९९०-९१ पासूनची शेतमाल तारण योजना निदान उपयोगी पडते. माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज काढता येते आणि भाव वर येईपर्यंत थांबता येते. हापूस गोदामात थांबत नाही. याच सुमारास, १९९० साली, रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि कोकणातल्या वरकस डोंगरउतारांवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. ती योजना खरोखर मोठी होती आणि तिने कोकणाचे रूप पालटले. मात्र लागवडीला शंभर टक्के अनुदान देणाऱ्या सरकारने त्या कलमांना फळे धरतील तेव्हा हंगामी भांडवल कोण देणार, याची तजवीज केली नाही. ती जागा वाशीने भरली.

म्हणून व्यापाऱ्याला नुसते बांडगूळ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मोहोर गळाला, चक्रीवादळ आले तर त्याची उचलही अडकते. २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते या वादळांनी ते दाखवून दिले. चांगल्या वर्षी ऐन हंगामात वाशीला एका दिवसात लाखाच्या घरात पेट्या उतरतात. पेटीत सरासरी पाच डझन धरले तरी ही साठ लाखांच्या आसपास फळे झाली. एवढा माल एका दिवसात खपवणे, डागी आणि बारीक फळाची वेगळी वाट लावणे, आखाती देशांकडे जाणारा माल निवडणे, हे काम शनिवार-रविवारच्या मांडवाने होणारे नाही. शेतकरी बाजार वाशीची जागा घेईल असे म्हणणारे लोक हा आकडा विसरतात. दुसरा आक्षेपही खरा आहे : ज्या आठवड्यात फळ सर्वाधिक उतरते, त्याच आठवड्यात बागायतदाराने बाग सोडून पुण्याला आठ दिवस टेबलामागे कसे उभे राहायचे? घरात दोन कर्ती माणसे असतील आणि गाडीभाड्याला पैसे असतील, त्याला जमते. एकट्या माणसाला जमत नाही.

मग या बाजाराचा उपयोग काय? दोन गोष्टींसाठी तो हवाच. पहिली म्हणजे दुसरा भाव. थोड्या पेट्यांचा का होईना, पण उघड्यावर ठरलेला भाव बागायतदाराला कळला की वाशीच्या पट्टीकडे तो वेगळ्या नजरेने बघतो. दुसरी गोष्ट जबाबदारीची. हापूसचा सर्वांत मोठा दोष आहे साका : बाहेरून निर्दोष, पिवळेधमक दिसणारे फळ आत फिकट, आंबूस आणि स्पंजासारखे निघते. १९३० च्या दशकात चीमा आणि दाणी यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. कापल्याशिवाय हा दोष दिसत नाही. फळ कधी उतरवले, उतरवल्यावर ते तापलेल्या कातळावर पडून राहिले की सावलीत नेले, यावर त्याचे प्रमाण बरेच अवलंबून असते. म्हणजे काळजी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बागायतदाराच्या फळांत खरा फरक असतो, पण चार हातांतून गेलेल्या पेटीत तो फरक पुसला जातो. त्यात कर्नाटकातला आंबा रत्नागिरी-देवगडच्या नावाने विकला जातो आणि बंदी असूनही कार्बाइडने पिकवलेले फळ बाजारात येते. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ च्या हंगामात देवगडच्या उत्पादक संस्थेने फळागणिक वेगळा क्रमांक असलेले स्टिकर आणले. या उपायांना बळ येते ते विकणारा समोर उभा असला की. साका निघालेले फळ परत घेऊन जायला एक नाव, एक गाव आणि एक फोन असतो. चांगल्या फळाला चांगला भाव देण्याची ग्राहकाची तयारी तिथूनच येते. स्वस्ताईसाठी शेतकरी बाजारात जाणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की पेंढ्याच्या अढीत पिकवलेले, वेळेवर उतरवलेले फळ स्वस्त असण्याचे कारणच नाही.

इतर राज्यांचा अनुभव इथे उपयोगी पडतो. पंजाबने १९८७ मध्ये अपनी मंडी सुरू केली, आंध्रने २६ जानेवारी १९९९ ला रयतू बाजार, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तमिळनाडूत मदुराईला पहिली उळवर संदै उघडली. तमिळनाडूने शेतकऱ्याला छायाचित्रासह ओळखपत्र दिले, म्हणजे व्यापाऱ्याने शेतकऱ्याच्या नावाने गाळा अडवायला नको. जागेचे भाडे माफ केले, माल आणायला सरकारी बसची सोय केली आणि रोजचा भाव घाऊक व किरकोळ यांच्या मध्ये ठरवून फळ्यावर लिहिला. २००१ च्या सत्तांतरानंतर या बाजारांची आबाळ झाली आणि २००६ नंतर त्यांना पुन्हा जीव आला. मात्र हे सगळे बाजार प्रामुख्याने भाजीचे. भाजीचा शेतकरी शहराच्या आसपास राहतो, रोज थोडी थोडी तोडणी करतो आणि रोज थोडे पैसे घरी नेतो. वर्षाचा पैसा सहा आठवड्यांत काढणाऱ्या हापूसला ते धडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ओळखपत्र आणि कायमची जागा हवीच. मार्च ते जून बाजाराची जागा राखून ठेवावी, तिथे नियमाप्रमाणे इथिलीनवर फळ पिकवण्याची खोली असावी, आणि एकेकट्या बागायतदाराऐवजी गावच्या गटाला टेबल मिळावे. पण उचलीचा प्रश्न याने सुटत नाही.

तो सोडवण्याची एक वाट ग्राहकांच्या हातात आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात आणि अमेरिकेत १९८६ पासून काही शेतांवर असे चालत आले आहे, की गिऱ्हाईक हंगामाआधी पैसे भरते, शेतकरी त्यावर पीक घेतो आणि आलेला माल वाटून देतो. पीक बुडाले तर? हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. तिथे तोटाही वाटून घेतात. आपल्याकडे सगळा धोका गिऱ्हाइकाने घ्यावा असे मी म्हणणार नाही. निम्मी रक्कम आगाऊ, निम्मी पेटी हातात आल्यावर, आणि फळ आलेच नाही तर ती आगाऊ रक्कम पुढच्या हंगामात वळती, एवढे ठरवणे अवघड नाही. त्यासाठी लागणारा विश्वासही नव्याने जमवायला नको. मुंबई, ठाणे, डोंबिवलीत कोकणातल्या बहुतेक गावांची मंडळे आहेत, आणि सामाईक सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत ते चाकरमानी त्याच मंडळांत आहेत. बँकेला जी संमती मिळत नाही ती या माणसांना मागावी लागत नाही. गावच्या दहा-बारा बागायतदारांचा गट आणि शहरातल्या तीनशे-चारशे घरांची यादी जमली, तर कल्टारचे आणि निदान पहिल्या दोन फवारण्यांचे पैसे वाशीकडे न मागता उभे राहतात. उरलेला माल गटाने खुशाल वाशीला पाठवावा. फक्त तो मोकळा असावा.

हा अंक हाती येईल तेव्हा पाऊस सरलेला असेल आणि पालवीवरच्या तुडतुड्यांसाठी पहिल्या फवारणीची जुळवाजुळव बागांमध्ये सुरू असेल. ओळखीचा बागायतदार असेल, गावाकडचा भाऊबंद असेल, गेल्या मेमध्ये ज्याच्याकडून चांगली पेटी मिळाली त्याचा नंबर असेल, तर दिवाळीच्या शुभेच्छांसोबत त्याला पुढच्या हंगामाच्या पेट्या सांगा आणि निम्मे पैसे याच महिन्यात पाठवा.