वसंतात जव्हार-मोखाडा: दोन दिवसांची डोंगरसहल

पावसाळ्यात धबधब्यांसाठी गजबजणारे जव्हार फाल्गुनात शांत असते आणि डोंगरवाटा कोरड्या असतात. फक्त बेत आखताना आधी पाण्याचा विचार करावा.

कधी जावे

फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च उत्तम. सुमारे ४५० मीटर उंचीमुळे सकाळ-संध्याकाळ सुखद असते. पळस पेटलेला असतो आणि मोहाची फुले वेचायला माणसे पहाटेच रानात जातात. मजुरीसाठी बाहेर गेलेली कुटुंबे होळीला पाड्यांवर परततात. पुढे बोहाडे रंगतात. देवदेवतांचे मुखवटे चढवून सोंगे रात्रभर नाचतात. दिवस गावागणिक वेगळे, म्हणून आधी विचारून घ्यावे.

प्रवास आणि मुक्काम

मुंबईहून विक्रमगडमार्गे, तर नाशिकहून त्र्यंबकेश्वर-मोखाडामार्गे जव्हार गाठता येते. एसटीचे आगार जव्हारातच आहे. मुक्काम तिथल्या लॉजमध्ये करावा किंवा आधी ठरवून एखाद्या गावातल्या घरी. तिथे नाचणीची भाकरी आणि उडदाचे वरण मिळते, शिवाय पैसा थेट गावात राहतो.

पहिला दिवस: जव्हार

१९४८ मध्ये विलीन झालेल्या जव्हार संस्थानाचे मुकणे राजघराणे महादेव कोळी समाजाचे. त्यांचा जयविलास राजवाडा आणि शिरपामाळ सकाळीच पाहावेत. १६६४च्या सुरत स्वारीच्या वेळी छत्रपती शिवाजी महाराजांचे स्वागत शिरपामाळावर झाल्याचे सांगतात. संध्याकाळी हनुमान पॉइंटवरून दरी पाहावी.

दुसरा दिवस: भूपतगड किंवा सूर्यमाळ

भूपतगडासाठी झापच्या दिशेने जावे. उजाडताच चढायला लागावे आणि ऊन चढण्याआधी उतरावे. वाट दाखवायला गावातला माणूस सोबत घ्यावा, त्याची मजुरी आधीच ठरवावी. लहान मुले किंवा वयस्कर मंडळी असतील तर मोखाड्यातील सूर्यमाळचे पठार सोयीचे. दाभोसा धबधब्याची धार या दिवसांत बारीक असते. खालचा डोह मात्र खोल असतो, त्यात उतरू नये.

पाणी आणि विस्तव

मोखाड्यातल्या कोचाळे येथील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते, पण उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून डोंगरावर जाताना माणशी किमान तीन लिटर पाणी मुक्कामाहून भरून न्यावे. पाड्यावरच्या विहिरीवर हात-पाय धुऊ नयेत. वाळल्या गवतात शेकोटी किंवा विडी-सिगारेट पेटवू नये. मोहाखालची फुले कुणाची तरी वर्षाची मिळकत असते, ती तुडवू नयेत. पाहुण्यांचा भार गावावर पडू नये, एवढे सांभाळले तर वसंतातले जव्हार मनापासून अनुभवता येते.