हसणे-रडणे हाताबाहेर जाते तेव्हा

घरातील वडीलधारे माणूस गेले आहे, दशक्रियेला सगळे पाहुणे जमले आहेत आणि अशा वेळी धाकटी सून एकाएकी खळखळून हसू लागते, अशी कल्पना करा. तिला थांबायचे असते, पण थांबता येत नाही. पुढे काय होते ते आपल्या भागात राहणाऱ्यांना सांगायला नकोच. कोणी म्हणते वेड लागले, कोणी म्हणते बाहेरचे आहे, कोणी म्हणते हिला सासऱ्याचे काही वाटतच नव्हते. तिला गेली काही वर्षे एका डोळ्याने अंधुक दिसत होते, पाय अडखळत होता, हाताला मुंग्या येत होत्या, याची आठवण मात्र कोणालाच होत नाही.

या सगळ्या तक्रारी एकाच आजाराच्या असू शकतात. त्याचे नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस, थोडक्यात एमएस. आपल्या मेंदूतून आणि मज्जारज्जूतून निघणाऱ्या तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. शरीराची जी प्रतिकारशक्ती जंतूंशी लढायची, तीच या आजारात चुकून या आवरणावर हल्ला करते. विहिरीवरच्या मोटारीची केबल उंदराने जागोजागी कुरतडली तर काय होईल? मोटार कधी चालेल, कधी थांबेल, कधी नुसतीच गुरगुरेल. तसेच हे आहे. आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीहून अधिक आढळतो. युरोप-अमेरिकेच्या मानाने आपल्याकडे तो कमी, म्हणूनच लवकर लक्षात येत नाही.

पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी 1868 साली या आजाराचे नीट वर्णन केले. काही रुग्ण कारण नसताना हसतात किंवा रडतात, हे त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवले होते. असे का होते? हसण्या-रडण्याची हालचाल घडवणारी केंद्रे मेंदूच्या खालच्या भागात, म्हणजे मस्तिष्कस्तंभात असतात. त्यांच्यावर मोठ्या मेंदूचा आणि लहान मेंदूचा लगाम असतो. लगामाचे तंतूच कुरतडले गेले की हसू किंवा रडू मोकाट सुटते. आत दुःख असते आणि बाहेर हसू येते. एमएसच्या साधारण दहातील एका रुग्णाला हा त्रास होतो, बहुधा आजार काही वर्षे जुना झाल्यावर. यावर औषधे आहेत. नैराश्यावर दिली जाणारी काही औषधे कमी मात्रेत दिली तरी पुष्कळांना आराम पडतो. तेव्हा रागावून किंवा अंगारा लावून वेळ घालवू नये.

याहून अधिक आढळते ती उदासी, आणि ती दिसत नाही. जुन्या पुस्तकांत मात्र उलटेच लिहिलेले असे. 1926 साली लंडनच्या दोन डॉक्टरांनी शंभर रुग्ण तपासून त्यांतील बहुतेक जण आजाराच्या मानाने फारच आनंदी असल्याचे लिहिले, आणि एमएसचा रुग्ण म्हणजे हसतमुख रुग्ण असा समज पुढे बराच काळ राहिला. नंतरच्या तपासण्यांत निराळेच चित्र दिसले. आयुष्यात केव्हा ना केव्हा खरे नैराश्य येणाऱ्या रुग्णांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. हातपाय चालेनात म्हणून माणूस खचतो, हे खरेच. पण तेवढेच नव्हे, भावना सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांनाही आजाराची झळ लागते.

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, अमिग्डाला. भीती, राग यांची पहिली घंटा तिथे वाजते, आणि कपाळामागचा मेंदू तिला आवर घालतो. इटलीतील डॉक्टरांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात एमएसच्या मोजक्या रुग्णांना भावदर्शक चेहरे दाखवून एमआरआय यंत्रावर मेंदूचे काम पाहिले. रुग्णांनी निरोगी माणसांइतकीच बरोबर उत्तरे दिली. पण त्यासाठी त्यांच्या कपाळामागच्या भागाला जास्त राबावे लागत होते आणि अमिग्डालाशी त्याचा संवाद तुटक झाला होता. म्हणजे वरून शांत दिसणारा माणूस आतून दुप्पट कष्ट करीत असू शकतो. संध्याकाळी तो चिडला तर त्याला हट्टी ठरवण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

काही रुग्णांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा राग किंवा भीती चटकन ओळखता येत नाही, काहींना स्वतःला काय वाटते तेच शब्दांत सांगता येत नाही. नवरा म्हणतो, हिला माझी पर्वा नाही. माझ्या मते अशा घरात रुसून बसण्यापेक्षा तोंडाने सरळ सांगावे: मला वाईट वाटले आहे, मला तुझी मदत हवी आहे.

औषधांचेही एक सांगतो. आजाराचा झटका आला की स्टेरॉइडची सलाइन देतात. त्या दिवसांत झोप उडते, माणूस फार बोलतो किंवा फार चिडतो. हा बहुधा औषधाचा परिणाम असतो. डॉक्टरांना कळवावे, औषध मनानेच बंद करू नये. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात अंग तापले की जुनी लक्षणे तात्पुरती वाढतात, आणि आजार बळावला या भीतीने रुग्ण आणखी खचतो. सावली, गार पाण्याची आंघोळ, ओले फडके एवढ्यावर बरेचदा भागते. एक दिवसाच्या वर त्रास टिकला तर मात्र दाखवावे.

प्रत्येक मुंगी येणे म्हणजे एमएस नव्हे. बी-12 जीवनसत्त्व कमी पडले तरीही हातपाय बधिरतात, आणि ते आपल्याकडे कितीतरी अधिक आढळते. निदान मेंदूविकारतज्ज्ञांनीच करायचे. ते झाल्यावर प्रत्येक भेटीत झोप, भूक आणि मनःस्थितीबद्दल आपण होऊन सांगावे, डॉक्टरांनी विचारले नाही तरी. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे कधीही हसण्यावारी नेऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मराठीतही चालतो, पैसे पडत नाहीत.

मुंबईत 1985 साली स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाची शाखा पुण्यातही आहे. तिथे त्याच आजाराची माणसे भेटतात. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत एमएसचा समावेश आहे. आजारामुळे 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आले असल्यास प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो. जाताना एमआरआयचा अहवाल आणि तज्ज्ञांचे सर्व जुने कागद बरोबर न्यावेत.